लोणच्याच्या बरण्यांतल्या सळया

माझे घरमालक दर शनिवारी धुळ्याहून जळगावला एसटीने येत, पण एका एसटीने कधीच येत नसत. वाटेतल्या मोठ्या पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर ते उतरत, पूल पायी ओलांडत, नदीला पाणी नसेल तर खाली जाऊन त्याचे पोट पाहत आणि मागून येणारी गाडी पकडत. त्या मार्गावरचे वाहक त्यांना ओळखू लागले होते. एकाने एकदा विचारले, "भाऊ, पूल पडनार शे का?"

"आज नाही," ते म्हणाले.

वाहकाने घंटी मारली खरी, पण गाडी पुलावर त्यांच्या शेजारून गेली तेव्हा तो दारातून आत येऊन सीटवर बसलेला त्यांना दिसला. हे ते स्वतःच सांगत, आणि न हसता सांगत.

ते एका सरकारी बांधकाम खात्यात अभियंता होते. नोकरी धुळ्याला, घर जळगावात पिंप्राळ्याला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी जळगावच्या एका दैनिकात बातमीदार म्हणून लागलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत बरीच वर्षे भाड्याने राहिलो. गल्लीत सगळे त्यांना भाऊ म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

खोली देताना त्यांनी माझा पगार विचारला नाही, जात विचारली नाही, रात्री किती वाजता येणार तेही विचारले नाही. तीन गोष्टी सांगितल्या. गच्चीवर ओली बादली ठेवायची नाही. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. मिठाचा डबा खांबाला टेकवून ठेवायचा नाही. तिसरी अट मला कळली नाही.

"मीठ कळेल हळूहळू," ते म्हणाले. "ते सगळ्यांना हळूहळूच कळतं."

त्यांच्या खिशात पेनाच्या जोडीला एक छोटी हातोडी असे, सोनाराकडे असते तशी. कोणाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत ते छज्जा, खांब, जिन्याची पायरी वाजवून पाहत. खणखणीत आवाज आला तर काही बोलत नसत. बद्द आवाज आला तर त्या जागी खडूने लहानसे वर्तुळ काढत. आमच्या गल्लीत अशी वर्तुळे असलेली चार घरे होती. एका घरातल्या बाईंनी छज्ज्यावरचे वर्तुळ पुसले, तर पुढच्या रविवारी यांनी पुन्हा काढले. त्या छज्ज्याचा पोपडा एका दुपारी खाली आला. खाली कोणी नव्हते. तेव्हापासून खडू कोणी पुसला नाही, पण त्यांना चहाला बोलावणेही कमी झाले.

घराच्या मागच्या खिडकीत काचेच्या बरण्यांची रांग होती. बरण्या लोणच्याच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. प्रत्येक बरणीत पाणी आणि त्यात बोटभर लांबीच्या सळया. साधे लोखंड मिठाच्या पाण्यात. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. वर रंगासारखा चिकट थर चढवलेले लोखंड. एका दुधाच्या कारखान्याच्या भंगारातून आणलेला, भांड्यांसाठी वापरतात तसल्या न गंजणाऱ्या पोलादाचा तुकडा. बांबू. आणि शेवटच्या तीन बरण्यांत पिवळसर, काचेच्या धाग्यांच्या कांड्या, चुन्याच्या निवळीत. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख.

काकूंना मी भाऊंसमोरच विचारले, की याचा त्रास होत नाही का. "त्रास कसला," त्या म्हणाल्या. "यांच्या मित्रांची लग्नं झाली तेव्हा बायकांनी दागिने मागितले. मी बरण्या मागतेय, त्याही माझ्याच."

भाऊंनी वर पाहिले नाही. ते एक कांडी दोन विटांवर आडवी ठेवून तिला वजने टांगत होते. कांडी किती वजनाला मोडते ते वहीत लिहायचे, हा दर सहामाहीचा कार्यक्रम होता.

या नादाचे मूळ त्यांनी एकदाच सांगितले. नोकरीची पहिली वर्षे कोकणात गेली होती. तिथे खाडीवर एक लहान पूल त्यांच्या देखरेखीखाली झाला. काम चोख होते, वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. पंधरा वर्षांच्या आत त्याच पुलाच्या तोंडाशी 'अवजड वाहनांस बंदी' अशी पाटी लागली. योगायोगाने तेव्हा ते एका पाहणीसाठी तिकडे गेले होते. पाटी लावणाऱ्या मजुराला खड्डा कुठे घ्यायचा ते त्यांनीच दाखवले.

"सळई गंजली की फुगते," ते म्हणाले. "फुगली की काँक्रीट फोडते. म्हणजे आधार द्यायला जिला आत घातली, तीच आतून फोडून बाहेर येते. माझ्या कामात चूक नव्हती. चूक नसतानाही पूल गेला, याचं काय करायचं?"

ते पुलावर कधीही थांबत नसत. एसटीतून उतरून पायी जात तेव्हाही मध्ये रेंगाळत नसत. पाहायचे ते खालून पाहत. पूल जाण्यासाठी असतो, म्हणत. आणि एखादे बांधकाम चांगले आहे का, असे कोणी विचारले, तर "आहे" असे उत्तर त्यांनी कधी दिले नाही. "आजपर्यंत ठीक," एवढेच म्हणत. शेजारच्या मुलीचे स्थळ पाहून आल्यावर मुलगा कसा आहे असे विचारले, तेव्हाही त्यांनी हेच उत्तर दिले होते. ते लग्न मोडता मोडता राहिले.

बरण्यांनी त्यांना काही वर्षांत बरेच शिकवले. बांबू फुगला आणि कुजला. जस्त बरे टिकले, पण एका कडेने तपकिरी होऊ लागले. थर चढवलेली सळई उत्तम राहिली; फक्त जिथे तार बांधताना एक ओरखडा गेला होता, तिथून गंज आत शिरला आणि थराखाली पसरत गेला. न गंजणारे पोलाद जसेच्या तसे होते. "पण चमच्यांचं लोखंड पुलात घालायला मला कोण देणार?" ते म्हणाले. उरल्या काचेच्या कांड्या. त्या गंजत नव्हत्या, कारण त्यांत गंजण्यासारखे काही नव्हतेच. मात्र चुन्याच्या निवळीत त्यांची ताकद थोडी थोडी कमी होत होती, आणि काँक्रीटच्या आतही चुनाच असतो. हे ते कोणापासून लपवत नसत. किती कमी होते ते वहीत होते, आणि हिशोब ते कमी झालेल्या ताकदीवरच करत.

कांड्या बनवणारे चाचा पिंप्राळ्याच्या रस्त्यावरच होते. काचेचे धागे आणि रेझिन वापरून ते कूलरचे सांगाडे आणि रिक्षाचे टप बनवत. भाऊंनी त्यांना धाग्यांची जुडी रेझिनमध्ये बुडवून लोखंडी नळीतून ओढायला शिकवले. ओली कांडी वाळूत लोळवायची, म्हणजे तिला काँक्रीट पकडेल, ही युक्ती मात्र चाचांची. भाऊ दर रविवारी तिथे जात. चाचा लांबूनच ओरडत, "आओ भाऊ, आज क्या तोडना है?"

खात्यात त्यांचा प्रस्ताव तीनदा गेला आणि तीनदा परत आला. प्रत्येक वेळी समासात एकच शेरा होता: मानकात तरतूद नाही. शेरा खरा होता. तशी तरतूद तेव्हा नव्हतीच. भाऊंनी त्या वरिष्ठांना कधी नावे ठेवली नाहीत. "त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं," ते म्हणत, आणि चौथा प्रस्ताव लिहायला घेत.

संधी आली ती खात्याबाहेरून. पारोळ्याच्या बाजूला एका खेड्यात गाव आणि बौद्धवस्ती यांच्यामध्ये खोल नाला होता. त्यावरची बारा फुटांची पादचारी फरशी दहा वर्षांतच खालून सोलून निघाली होती. गावच्या विहिरींचे पाणी खारे. गोडे पाणी उन्हाळ्यात प्यायलाच लांबून आणावे लागे, त्यामुळे काँक्रीट त्या खाऱ्या पाण्यातच कालवलेले. आतल्या सळया बोटाने चुरगळता येत होत्या. फरशी बंद केली होती. शाळा गावाच्या बाजूला होती, मुले वस्तीत होती. नाल्याला पाणी आले की शाळेला जायला दोन मैलांचा वळसा. लहान मुले ते दिवस घरीच काढत. वस्तीला जूनच्या आधी पूल हवा होता. पंचायतीकडे त्यासाठी एकदाच पुरेल एवढी तरतूद होती.

वस्तीचे पुढारपण आबांकडे होते. आबा रेल्वेत गँगमन होते, भुसावळ भागात तीस वर्षे रुळांवर हातोडी मारत चालून निवृत्त झाले होते. भाऊ ती पडकी फरशी पाहायला गेले, त्या दिवशी मी बातमीसाठी सोबत होतो. भाऊंनी खिशातून हातोडी काढून फरशीवर मारली. आबांनी मान हलवली.

"बद्द शे," आबा म्हणाले.

"बद्दच," भाऊ म्हणाले.

"तुम्ही भी रेल्वेमा व्हतात का?"

त्या दोघांची ओळख इतक्यावर झाली. पुढे विहारात बैठक झाली. भाऊंनी चटईवर एक कांडी ठेवली आणि सगळे सांगितले. पाणी बदलता येत नसेल तर लोखंड बदलायचे. हे आधी कोणी केलेले आपल्याला माहीत नाही. आपणही केलेले नाही. एका म्हातारीने कांडी उचलून पाहिली आणि विचारले, "हाई पूलनं सामान शे, का खाटनं?" सगळे हसले. भाऊही हसले. आबांनी मत मागितले आणि हात वर झाले.

कागदावर तो पूल नव्हता. पूल म्हटले की मानक आले. पंचायतीच्या ठरावात 'तात्पुरती पादचारी फळी' असे शब्द घातले गेले, आणि भाऊंनी खात्याला कळवून स्वतःची अर्जित रजा टाकली.

कामाच्या पहिल्या दिवशी सळया वाकवणाऱ्या कारागिराने सवयीप्रमाणे कांडीच्या टोकाला आकडा द्यायला ती खुंट्यांत अडकवली आणि जोर लावला. कांडी कडाडून मोडली. त्याने दुसरी घेतली. तीही मोडली. चाचा सोबत आले होते. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे भाई, ये लोहा नहीं है, काच है। चूडी को कभी मोडके देखा है क्या?" आकडे मग चाचांनी जळगावला साच्यातच करून आणले. दोन दिवस गेले. त्यापलीकडे काम सुरळीत झाले. एप्रिलच्या एका सकाळी काँक्रीट ओतले, व्हायब्रेटरने दाबले, वरून थापीने गुळगुळीत केले. आबांनी कोपऱ्यात बोटाने पिंपळाचे पान काढले.

काँक्रीटखालच्या आधाराच्या फळ्या काढल्या त्या दिवशी वस्ती सगळी नाल्यावर होती. फरशी सरळ होती, चकचकीत होती. आबांनी हातोडी मारली, आवाज खणखणीत आला. लोक भाऊंकडे पाहू लागले. भाऊ फरशीच्या एका कडेला गुडघ्यावर बसले होते आणि नखाने काहीतरी खरवडत होते. वरच्या पृष्ठभागापासून अर्ध्या बोटावर एक पिवळी रेघ दिसत होती. पुढे आणखी एक. आणखी एक.

कांड्या वर आल्या होत्या.

कारण सांगायला त्यांना वेळ लागला नाही, आणि ते त्यांनी स्वतःला उद्देशूनच सांगितले. लोखंड काँक्रीटपेक्षा जड असते. ते घातले तिथे बसून राहते. काचेची कांडी काँक्रीटपेक्षा हलकी. व्हायब्रेटर लागला, काँक्रीट पातळ झाले आणि कांड्या पाण्यात लाकूड तरंगावे तशा तरंगून वर आल्या. फरशीवर वजन आले की ती खालच्या अंगाला ताणली जाते, आणि त्या अंगाला आता काहीच नव्हते. तीस वर्षे लोखंड बांधलेल्या माणसाला सळई तरंगेल, असे वाटलेच नव्हते. तिथे असलेल्या कोणालाच वाटले नव्हते.

"मग आते काय करानं?" आबांनी विचारले.

"मोडायची."

"उभी तं शे!"

"उभी आहे. चार माणसं जातील, काही होणार नाही. शाळा सुटल्यावर चाळीस पोरं एकदम आली की मोडेल. आज मोडू, आबा. आज खाली कोणी नाही."

तेव्हा जे बोलले गेले ते सगळे छापण्याजोगे नव्हते. एक तरुण म्हणाला की गावाला खरा पूल आणि वस्तीला प्रयोग, हे नेहमीचेच. भाऊंनी वाळूच्या गोण्या फरशीवर रचायला सुरुवात केली. पहिली गोणी स्वतः उचलली. लोक बघत राहिले. मग तोच तरुण आला आणि दुसरी गोणी त्याने आणली, बहुधा भाऊ खोटे ठरावेत म्हणून. ठरलेल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शालाच फरशीच्या मधोमध आवाज आला आणि ती दोन तुकडे होऊन नाल्यात गेली. तरुण बराच वेळ काठावर उभा होता. खाली पडलेल्या एका तुकड्यावर पिंपळाचे पान शाबूत होते.

परतीच्या एसटीत भाऊ म्हणाले, "बातमी द्या."

मी म्हणालो, तुमचे नाव न घालता देता येईल.

"नाव घाला. कारणही घाला. काम जमलं असतं आणि तुम्ही छापलं असतं, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. चूक छापलीत तर पुढचा माणूस आधी सळया बांधून घेईल."

पाचव्या पानावर नऊ ओळी आल्या. शीर्षक उपसंपादकाने दिले: 'लोखंडाविना पूल कोसळला'. कारण होते ते वाक्य जागेअभावी कापले गेले. सकाळी भाऊंनी अंक वाचला, घडी केली आणि मला एवढेच विचारले, "दुरुस्ती छापता का तुम्ही?" दुरुस्ती छापून यायला मला संपादकांशी आठवडाभर वाद घालावा लागला. ती चार ओळींची होती आणि तीत कांड्या तरंगल्याचे कारण होते.

भाऊंच्या घराच्या व्हरांड्यात सिमेंटच्या गोण्या प्लॅस्टिकखाली रचलेल्या होत्या. वरचा मजला चढवायचा म्हणून काकूंनी आणवल्या होत्या. तो मजला झाला की मला पुढची खोली मिळणार होती. त्या शनिवारी मी कामावरून आलो तर व्हरांडा रिकामा. काकू पायरीवर बसून वह्या तपासत होत्या.

"ट्रक मीच बोलावला," त्या म्हणाल्या. "हे नुसते गोण्यांकडे बघत बसले होते. तुमची खोली राहिली हो."

गोण्या घेऊन भाऊ वस्तीत गेले तेव्हा आबा एकटेच नाल्याजवळ होते. भाऊंनी सांगितले की कांड्या चाचा पुन्हा देतायत, सिमेंट आहे, पण कांड्या खाली कशा धरून ठेवायच्या याचे उत्तर आपल्याकडे नाही. लोखंडी तारेने बांधल्या तर तार गंजणार.

"रूळ भी सुटा ठेवा तं उठस," आबा म्हणाले. "म्हणून तं त्याले स्लीपरले ठोकतस. खाले बांधी टाका. फळीलेच."

फळ्यांना भोके पाडायची, कांड्यांवरून दोरी घेऊन भोकातून खाली काढायची आणि फळीखाली गाठ मारायची. दोरी नायलॉनची, बाजेला वापरतात ती. गाठ अशी हवी की ओल्या काँक्रीटच्या धक्क्याने सैल पडणार नाही. सळया वाकवणाऱ्या कारागिराला ती येईना. त्याचा हात पक्कडीचा. तेव्हा ती म्हातारी पुढे आली, जिने बैठकीत कांडी उचलून पाहिली होती. तिने दोरीला दोन वेढे दिले, आतून ओढली आणि भाऊंना म्हणाली, "ओढी दखा." भाऊंनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

दोन दिवस वस्तीतल्या सहा बायका नाल्यावर बाज विणावी तशी ती जाळी बांधत होत्या. एकीने दुसरीला विचारले, यावर झोपणार कोण, आणि साऱ्या हसल्या. वाळूची गोणी आणणारा तो तरुण नाल्यात उतरून फळ्यांखालच्या गाठी मोजत होता. भाऊ वर उभे होते. त्यांच्या हातात वही होती, पण ते लिहीत नव्हते.

काँक्रीट ओतून झाल्यावर त्यांनी एक लांब तार घेतली आणि ओल्या काँक्रीटमध्ये जागोजागी खुपसून कांडी किती खोल लागते ते तपासले. सगळीकडे खालीच लागली. फळ्या काढल्यावर त्यांनी पुन्हा वाळूच्या गोण्या मागवल्या. या वेळी कोणी कुरकुरले नाही. ठरलेले वजन चढले, त्यावर निम्मे आणखी चढले. गोण्या रात्रभर तशाच राहिल्या. फरशी वाकली का, ते सकाळी तिच्याखाली ताणलेल्या दोऱ्याशी माप जुळवून पाहिले. आबांनी विचारले, "कसं शे?"

"आजपर्यंत ठीक," भाऊ म्हणाले.

जूनमध्ये शाळा उघडली. मुले वरून गेली.

नंतर भाऊ निवृत्त झाले. वर्षातून एकदा ते त्या नाल्यावर जात, खालून हातोडी मारत आणि परत येत. बरण्या खिडकीत होत्याच. त्यांची नजर मंदावली तेव्हा कांड्या मोडण्याचे काम काकूंकडे आले. वहीतले पुढचे आकडे त्यांच्या वळणदार शिक्षिकी अक्षरात आहेत. वजन टांगले की तुकडा उडेल म्हणून त्या पाठ करून उभ्या राहत, आणि भाऊ खुर्चीतून विचारत, "आवाज कसा आला?" विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातून एका अपरिचित अभियंत्याचे पत्र आले होते. त्याला कोणीतरी त्या चार ओळींच्या दुरुस्तीचे कात्रण दाखवले होते, आणि गाठ नेमकी कशी मारली ते त्याला हवे होते. भाऊंनी म्हातारीकडून ती गाठ एका दोरीवर मारून घेतली आणि दोरीच पाकिटात घालून पाठवली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी त्यांच्यासोबत शेवटचा गेलो. वाटेत मोठा पूल आला. गुडघ्यांमुळे त्यांना उतरता आले नाही आणि पूल ओलांडेपर्यंत ते खिडकीचा गज धरून बसले. गावाच्या पलीकडे नाल्यावर दुसरा, मंजूर नकाशाचा, लोखंडी सळयांचा पूल तोवर झाला होता आणि त्याच्या कठड्यावर तांबडे ओघळ दिसू लागले होते. भाऊंनी त्याकडे पाहिले आणि ते पुढे चालू लागले.

नाल्यात त्यांना उतरवेना. आबांनी त्यांच्या हातून हातोडी घेतली. आबा त्यांच्याहून मोठे होते, पण रुळांवरचे पाय टिकले होते. ते काठाकाठाने खाली गेले. भाऊ वर उभे राहून ऐकत होते. खालून एक ठोका आला, मग दुसरा, मग कडेकडेने बरेच.

"कसं आहे, आबा?"

खालून आणखी एक ठोका आला. मग आबांचा आवाज आला.

"व्हतं तसंच शे."

भाऊंनी मान हलवली. "आजपर्यंत," ते म्हणाले. मग पुलावर कधीही न थांबणारे ते गृहस्थ फरशीच्या मधोमध गेले, कडेला हात टेकून सावकाश खाली बसले, पाय नाल्यावर सोडले आणि पिशवीतून काकूंनी दिलेला डबा काढला.

"वर या, आबा," त्यांनी हाक मारली. "लोणचं आहे. एक बरणी रिकामी झालीय."